जे हलते, ते दबतेही

ताशी १२० किलोमीटर वेगाने आलेला क्रिकेटचा चेंडू बॅटवर आदळून तेवढ्याच वेगाने परत फिरतो, तेव्हा चेंडू आणि बॅट एकमेकांना टेकलेले असतात तो काळ सुमारे एक सहस्रांश सेकंदाचा असतो. एवढ्या वेळात काय घडले ते डोळ्यांना कळत नाही. अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणात मात्र बॅटला टेकलेली चेंडूची बाजू चपटी झालेली दिसते. चेंडूचे वस्तुमान सुमारे १६० ग्रॅम असते. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. येतानाचा हा सारा वेग संपवून तेवढाच वेग उलट दिशेने द्यायचा म्हणजे सेकंदाला ६६ मीटरचा बदल घडवायचा, आणि तोही एका सहस्रांश सेकंदात. यासाठी लागणारे सरासरी बल दहा हजार न्यूटनांच्या पुढे जाते. शंभर ग्रॅमच्या वस्तूला पृथ्वी साधारण एका न्यूटन बलाने खाली ओढते, हे लक्षात घेतले तर चेंडूवर त्या क्षणी जवळपास हजार किलो वजनाइतका दाब आलेला असतो. मग तो चपटा होणारच.

बलामुळे वस्तूची गती बदलते, तिची दिशा बदलते आणि तिचा आकार बदलतो, हे आपण शाळेत शिकतो. शिकवण्याच्या सोयीसाठी प्रत्येक परिणामाचे उदाहरण निराळे दिले जाते: चेंडू ढकलला की गती, स्पंज दाबला की आकार. पण रोजच्या व्यवहारातील जवळजवळ प्रत्येक धक्क्यात आणि ओढीत हे परिणाम एकत्रच घडत असतात. त्यांतील एक ठळकपणे दिसतो आणि दुसरा इतका लहान असतो की आपण तो धरत नाही. जिथे वस्तूला हलायला मोकळीक असते तिथे गतीतील बदल नजरेत भरतो आणि जिथे ती चहूबाजूंनी अडलेली असते तिथे आकारातील बदल. ही गोष्ट मनात पक्की बसली, तर कपड्यांच्या दोरीपासून हेल्मेटपर्यंत कितीतरी गोष्टी आपोआप उलगडू लागतात.

आधी गतीचे पाहू. वस्तू हलत राहावी म्हणून तिला सतत ढकलावे लागते, ही समजूत फार जुनी आहे आणि रोजचा अनुभवही वरकरणी तिच्याच बाजूने साक्ष देतो, कारण हातगाडी ढकलणे थांबवले की ती थांबते आणि सायकलचे पेडल मारणे सोडले की सायकल मंदावते. न्यूटन यांनी १६८७ साली मांडलेले गतीचे नियम या समजुतीला छेद देतात. स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच सरळ रेषेत चालत राहते. त्यात बदल हवा असेल तरच बल लागते. हातगाडी थांबते ती बल संपले म्हणून थांबत नाही. चाके, आस आणि रस्ता यांच्यातील घर्षण हे उलट दिशेचे बल तिच्यावर लागलेले असते, आणि आपले ढकलणे थांबल्यावर त्याला कोणी अडवणारे उरत नाही.

याची सर्वांत चांगली प्रयोगशाळा कॅरमबोर्ड ही आहे. पावडर न टाकलेल्या, दमट बोर्डावर सोंगटी वीतभर जाऊन अडते. त्याच बोर्डावर बोरिक पावडर टाकली की तेवढ्याच टिचकीने ती पलीकडच्या कडेवर आपटून परत येते. टिचकी बदललेली नाही, फक्त थांबवणारे बल घटले आहे. पावडर आणखी चांगली, बोर्ड आणखी गुळगुळीत, असे मनातल्या मनात करत गेले की सोंगटी थांबणारच नाही अशा टोकाला आपण पोहोचतो, आणि गतीचा पहिला नियम तिथेच आहे. कॅरममध्ये वस्तुमानाचा परिणामही उघड दिसतो. स्ट्रायकर साधारण १५ ग्रॅमचा आणि सोंगटी ५ ग्रॅमच्या आसपासची. म्हणून समोरासमोर बसलेल्या फटक्यात सोंगटी स्ट्रायकरच्या मूळ वेगापेक्षाही अधिक वेगाने, दीडपटीच्या जवळपास, निघते आणि स्ट्रायकर मंदावून तिच्यामागे थोडा पुढे सरकतो. दोघांवर लागलेले बल सारखेच असते, दिशा तेवढ्या विरुद्ध असतात. पण हलक्या वस्तूचा वेग त्याच बलाने जास्त बदलतो.

बाजारपेठेत हातगाडी ओढणाऱ्या माणसाला हा नियम खांद्यांनी माहीत असतो. घर्षण बाजूला ठेवले, तर १०० किलोच्या गाडीला २०० न्यूटन बल लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला सेकंदी २ मीटरने वाढेल. तीच गाडी मालासह ४०० किलोची झाली की तेवढ्याच बलाने तो दर सेकंदाला फक्त सेकंदी अर्ध्या मीटरने वाढेल. सुरू करायला जेवढे कष्ट, तेवढेच थांबवायलाही. म्हणूनच उतारावर भरलेली गाडी आवरायला पुढच्या माणसाबरोबर मागे दोर धरणारा दुसरा माणूस लागतो.

दिशा बदलण्यासाठी बल लागते, ही गोष्ट मात्र अनेकांच्या मनात नीट उतरलेली नसते, कारण वेग तोच राहिला तर काही बदलले असे वाटतच नाही. शेताची राखण करताना फिरवली जाणारी गोफण डोळ्यांसमोर आणावी. दगड गोल फिरतो तो गोफणीच्या दोऱ्या त्याला क्षणोक्षणी हाताकडे ओढत असतात म्हणून. दोरीचे एक टोक सोडले की ती ओढ संपते आणि दगड त्या क्षणी ज्या दिशेने चालला होता त्या दिशेने, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेवरून, निघून जातो. त्याला बाहेर फेकणारे कोणी नसते.

घाटातल्या वळणावर गाडीला हाताकडे ओढणारी दोरी नसते, तिथे ते काम टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षण करते. ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला तिच्या वजनाच्या पाव हिश्शाइतके बल आतल्या बाजूने लागते. वेग दुप्पट केला की हे बल चौपट होते, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला ते गाडीच्या पूर्ण वजनाइतके व्हावे लागते. कोरड्या डांबरी रस्त्यावर सामान्य टायर वजनाच्या सात-आठ दशांशांपर्यंत पकड देऊ शकतो आणि पावसात ती आणखी बरीच घटते. म्हणजे सपाट रस्त्यावरचे हे वळण त्या वेगाने घेणे चालकाच्या कौशल्याच्या हातात उरतच नाही; लागणारे बल तिथे उपलब्धच नसते आणि गाडी गोफणीतून सुटलेल्या दगडाप्रमाणे सरळ जाते. वळणावरच्या वेगमर्यादेच्या पाट्यांमागे हा हिशेब असतो, आणि तो प्रत्येक चालकाला परवाना देतानाच समजावून सांगितला गेला पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आता जिथे काहीच हलत नाही त्या ठिकाणी येऊ. फळीवर पुस्तके ठेवली आहेत. पृथ्वी त्यांना खाली ओढते आहे, तरीही ती पडत नाहीत, कारण फळी त्यांना तेवढ्याच बलाने वर ढकलते आहे. हे वाक्य आपण सहज वाचून पुढे जातो. पण निर्जीव लाकडाला नेमके किती बल लावायचे हे कळते कसे? पाच किलोची पुस्तके ठेवली तर पाच किलोंना पुरेल एवढे आणि दहा किलोंची ठेवली तर दहा किलोंना पुरेल एवढे, हा हिशेब कोण करते? उत्तर आकारात आहे. पुस्तके ठेवल्यावर फळी किंचित वाकते. वाकताना तिच्या वरच्या थरातील कण एकमेकांच्या जवळ दाबले जातात आणि खालच्या थरातील कण एकमेकांपासून ओढले जातात. कणांना आपले नेहमीचे अंतर राखायचे असते, त्यामुळे दाबलेले कण परत दूर ढकलतात आणि ताणलेले परत जवळ ओढतात. फळी जसजशी वाकते तसतसा तिचा विरोध वाढत जातो आणि तो पुस्तकांच्या वजनाइतका झाला की वाकणे थांबते. आपल्याला दिसते ती स्थिरता. सिमेंटच्या जमिनीवर उभे राहिल्यावरही हेच घडते, फक्त तिथला बदल इतका सूक्ष्म असतो की तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

बल आणि आकारातील बदल यांचे हे नाते रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञांनी १६७८ साली उघडपणे मांडले: मर्यादेच्या आत असेपर्यंत जेवढी ओढ तेवढी वाढ, ओढ दुप्पट तर वाढही दुप्पट. स्प्रिंगचा काटा याच नियमावर वजन दाखवतो. सुतारकामात मात्र आणखी एक गोष्ट महत्त्वाची ठरते, ती म्हणजे वस्तू कशी ठेवली आहे. फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा वाक निम्मा न होता एक अष्टमांश होतो. छपराचे वासे आणि तुळया रुंद बाजूवर आडव्या न ठेवता अरुंद बाजूवर उभ्या का बसवतात, याचे कारण हेच. लाकूड तेवढेच लागते, पण वजनाच्या दिशेने त्याची जाडी वाढते. शाळेची फूटपट्टी आडवी धरून वाकवावी आणि मग कडेवर उभी धरून वाकवण्याचा प्रयत्न करावा; फरक बोटांना लगेच जाणवतो.

कपडे वाळत घालण्याच्या दोरीत तर आकार आणि बल यांचा संबंध अगदी अनपेक्षित रूपात समोर येतो. पाच मीटर अंतरावरच्या दोन खिळ्यांना बांधलेल्या दोरीच्या मधोमध चार किलो वजनाची ओली चादर टाकली आणि दोरी मध्यभागी २५ सेंटिमीटर खाली आली, तर दोरीतील ताण २० किलो वजनाइतका असतो. चार किलोंच्या चादरीसाठी वीस किलोंचा ताण का, तर दोरी जवळजवळ आडवी आहे आणि वजन मात्र उभे पेलायचे आहे. तिच्या ओढीचा फारच थोडा भाग वरच्या दिशेने कामी येतो. झोळ आवडत नाही म्हणून ती दोरी इतकी आवळली की चादर टाकल्यावर ती फक्त १० सेंटिमीटर खाली येईल, तर ताण ५० किलोंवर जातो आणि झोळ ५ सेंटिमीटरवर आणला तर तो १०० किलोंवर. पूर्णपणे सरळ, किंचितही न झुकणारी दोरी कोणतेच वजन पेलू शकत नाही, कारण तिच्यात वरच्या दिशेने ओढणारा भाग शून्य असतो. भिंतीतून खिळे उपटून येतात ते बहुधा कपड्यांच्या वजनाने येत नाहीत, दोरी अति ताणल्याने येतात. विजेच्या दोन खांबांमधल्या तारांना मुद्दाम झोळ ठेवलेला असतो त्यामागेही हा विचार आहे, आणि थंडीत तारा आखडतात त्याचीही सोय त्यात केलेली असते.

बल काढून घेतल्यावर वस्तू मूळ आकारात परतली तर तिला आपण स्थितिस्थापक म्हणतो. बदललेला आकार तिने तसाच धरून ठेवला तर ती आकार्य. एकाच पदार्थात हे दोन्ही गुण असतात. थोड्या बलाला लोखंडी तार वाकून परत सरळ होते, बल एका मर्यादेपलीकडे गेले की ती वाकलेलीच राहते. पण या दोन गुणांमधला फरक जेवढा स्पष्ट परातीत दिसतो तेवढा तो दुसरीकडे कुठे दिसत असेल असे मला वाटत नाही.

गव्हाची कणीक मळली की तिच्यातील प्रथिने पाण्याबरोबर ग्लुटेनचे लांब, एकमेकांत गुंतलेले धागे तयार करतात. नुकत्याच मळलेल्या कणकेची पोळी लाटायला घेतली तर ती लाटण्याखाली पसरते आणि लाटणे उचलले की आखडते, कारण ताणलेले धागे तिला मागे ओढत असतात. अर्धा तास झाकून ठेवल्यावर या धाग्यांतील ताण सैल होतो आणि तीच कणीक सांगितल्यासारखी लाटली जाते. कणीक मुरू देणे म्हणजे तिची स्थितिस्थापकता कमी करून तिला अधिक आकार्य करणे होय.

ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसते. त्यामुळे ज्वारीचा उंडा दाबला तर दबतो, पण ओढला तर तुटतो. भाकरी लाटण्याऐवजी थापली जाते यात केवळ परंपरा नाही, पदार्थाचा हा स्वभाव नेमका ओळखलेला आहे. थापताना तळहात पिठावर वरून दाब देतो, भाकरी फिरत राहते आणि पीठ कडेकडे सरकते. तरीही कडा चिरतात त्या कशामुळे, हे समजण्यासाठी थोडी भूमिती पुरते. उंडा पाच सेंटिमीटर त्रिज्येचा असताना त्याच्या कडेची लांबी सुमारे ३१ सेंटिमीटर असते. भाकरी दहा सेंटिमीटर त्रिज्येची झाली की कड ६३ सेंटिमीटर व्हावी लागते. दाब वरून असला तरी कडेवरच्या पिठाला आडवा ताण सोसावा लागतो, आणि ताण हेच तर ज्वारीला झेपत नाही. म्हणून भाकरी करण्यात मुरलेली बाई एका हाताने थापताना दुसऱ्या हाताच्या बोटांनी कड सतत आत लोटत असते. बाहेरून दिलेला हा दाब कडेवरचा ताण कमी करतो. पीठ जुने असेल किंवा गार पाण्यात मळले असेल तर चिरा जास्त पडतात. ऊन पाण्याने पिठातील स्टार्च थोडा फुगून चिकट होतो आणि ग्लुटेनची उणीव काही अंशी भरून निघते.

धातूचे वागणे याहून वेगळे आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याची भांडी ठोकून त्यांवर जे मठारकाम, म्हणजे ठोक्यांनी ओळीने ठसे उमटवण्याचे काम, केले जाते, त्यात प्रत्येक ठोका तांब्याला आकारही देतो आणि त्याचा स्वभावही बदलतो. तांब्यातील अणू थरांमध्ये ओळीने रचलेले असतात आणि ठोक्याने हे थर एकमेकांवरून घसरतात. अणूंमधले बंध एका जागी सुटून शेजारी पुन्हा जुळतात, म्हणून पत्रा फुटत नाही, सरकतो. मात्र ठोके वाढत गेले की रचनेत इतकी गुंतागुंत होते की थरांना घसरायला वाव उरत नाही आणि तांबे कडक होते. त्यापुढेही ठोकत राहिल्यास ते चिरते. म्हणून कारागीर मध्येच भांडे भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो. उष्णतेने अणूंची नवी, सुटसुटीत रचना तयार होते आणि तांबे पुन्हा मऊ पडते. आकार पुरा झाल्यावर शेवटचे मठार मात्र तसेच ठेवले जाते, कारण आता कडकपणाच हवा असतो. भांड्यावर ओळीने उमटलेले ते चमकदार गोल ठसे शोभेचे असतात हे खरे, पण पातळ पत्र्याच्या हंड्याला सहजासहजी पोचा येत नाही तो त्यांच्यामुळे. नुसती तार हातात घेऊन एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहिल्यासही हीच कथा घडते: ती जागा आधी कडक होते, स्पर्शाला गरम लागते आणि मग तुटते.

आकार बदलण्याचा हा गुण गतीच्या कामी कसा येतो, हे अपघातात कळते. दीड मीटर उंचीवरून डोके रस्त्यावर आपटले, तर आपटण्याच्या क्षणी त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या जवळ असतो. हा वेग शून्यावर यायचाच आहे, त्यातून सुटका नाही. प्रश्न एवढाच की तो किती अंतरात येतो. समजा, हेल्मेट नसताना डोके दोन मिलिमीटरांत थांबले. दीड मीटर पडताना मिळालेला वेग दोन मिलिमीटरांत संपवायचा, म्हणजे त्याच्या वजनाच्या सुमारे ७५० पट बल डोक्यावर यायला हवे. पाच किलोच्या डोक्याला ते सुमारे ३७,००० न्यूटन होते. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर दोन सेंटिमीटर चेपला गेला, तर थांबण्याचे अंतर दहापट होते आणि बल एक दशांशावर, म्हणजे ३,७०० न्यूटनांवर येते. जगणे आणि न जगणे यांतला फरक त्या दोन सेंटिमीटरांत असतो.

हा थर मुद्दामच आकार्य ठेवलेला असतो. तो रबरासारखा स्थितिस्थापक असता तर दबल्यानंतर उसळला असता आणि डोके उलट दिशेने फेकले गेले असते. त्याचे बारीक बारीक कप्पे चिरडले जातात आणि परत फुगत नाहीत, यातच त्याचे काम आहे. मोटारीचा पुढचा भाग चेपेल असा बनवण्यामागेही हाच विचार असतो. जुन्या मोटारी दणकट होत्या आणि हल्लीच्या नुसत्या पत्र्याच्या, ही तक्रार वारंवार ऐकू येते. जुन्या मोटारीचा पत्रा शाबूत राहिला, तर थांबण्याचे अंतर आतल्या माणसाच्या वाट्याला कमी आले आणि बल जास्त आले, एवढा तिचा अर्थ आहे. पट्टा न लावलेल्या प्रवाशाला तर या चेपण्याचा फायदाच मिळत नाही, कारण गाडी थांबत असताना तो पहिल्या नियमानुसार मूळ वेगाने पुढे जात राहतो आणि गाडी जवळजवळ थांबल्यावर समोरच्या काचेवर आदळतो.

हेल्मेटच्या बाबतीत यातून दोन गोष्टी निघतात. पट्टी घट्ट बांधली नसेल तर पडताना हेल्मेट आणि डोके यांची वाट वेगळी होते आणि आतला थर कितीही चांगला असला तरी तो डोके रस्त्याला लागताना तिथे नसतो. दुसरे असे की ज्या हेल्मेटने एकदा जोराचा मार खाल्ला आहे, त्याचे बाहेरचे कवच शाबूत दिसले तरी आतल्या थरातील ते दोन सेंटिमीटर त्या ठिकाणी आधीच खर्च झालेले असतात. असे हेल्मेट नवे रंग देऊन किंवा आतले कापड बदलून पुन्हा वापरू नये. ते टाकून द्यावे आणि आयएसआय चिन्ह असलेले दुसरे घ्यावे.